क्लोद मोनेचे तळे

पावसाळा सरताना साताऱ्याहून कासला गेलेल्यांना कुमुदिनीच्या तळ्याचे वर्णन सांगायला नको. पाण्यावर टेकलेली गोल पाने आणि त्यांमधून डोकावणारी, झालरीच्या कडांची पांढरी फुले! ते तळे निसर्गाने फुलवले. मला मात्र अशा एका चित्रकाराविषयी लिहायचे आहे, ज्याने आपले तळे आधी खणून घेतले, त्यात फुले लावली आणि मग अखेरची तीस वर्षे तेच रंगवले.

क्लोद मोने १८४० साली पॅरिसमध्ये जन्मला आणि ल हाव्र या बंदरात वाढला. १८७४ साली त्याने व त्याच्या मित्रांनी भरवलेल्या प्रदर्शनाची टीकाकारांनी टर उडवली. त्याच्याच एका सूर्योदयाच्या चित्रावरून या मंडळींना कुचेष्टेने 'इंप्रेशनिस्ट' हे नाव मिळाले. पुढची वर्षे कर्जात गेली. १८७९ मध्ये पत्नी कामीय वारली. १८८३ मध्ये तो झिव्हेर्नी या खेड्यात भाड्याच्या घरात राहायला आला. चित्रे विकली जाऊ लागल्यावर, पन्नाशीला टेकता टेकता, १८९० साली त्याने ते घर विकत घेतले.

१८९३ मध्ये त्याने रेल्वेरुळापलीकडची दलदलीची जागा घेतली आणि जवळच्या ओढ्याचे पाणी वळवून तळे करण्याची परवानगी मागितली. गावाने हरकत घेतली. याच ओढ्यावर बायका धुणे धूत, गुरे पाणी पीत. परक्या मुलखातल्या वनस्पतींनी पाणी नासेल, अशी लोकांना धास्ती होती. आमच्या महाविद्यालयात जत-आटपाडीची, माण-खटावची मुले आहेत. त्यांना हे गावकरी अडाणी वाटणार नाहीत. मला तरी आधी त्यांचीच बाजू पटते. फुलांच्या हौसेपायी आपल्या देशात आणलेल्या जलपर्णीने पंचगंगेचे काय केले, ते आपण पाहतोच. मोने चिडला, पण त्याने अर्ज-विनंत्या सोडल्या नाहीत. अखेर जुलैमध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांकडून परवानगी आली. ओढ्याचे पाणी तळ्यात येई आणि पुन्हा ओढ्यालाच मिळे.

त्याने लावलेली फुले जलपर्णीसारखी पाण्यावर भटकणारी नव्हती. आपल्या कमळाची पाने देठावर पाण्याबाहेर उभी राहतात. या वॉटर लिलीची पाने पाण्यावर पसरतात आणि तिचा जाड कंद तळच्या चिखलात रुजून असतो. हिवाळ्यात वरचे पाणी गोठले, पाने कुजली, तरी चिखलातला कंद जगतो व वसंतात पुन्हा फुटतो. युरोपातली अशी काटक लिली तेव्हा पांढरीच असे. लातूर-मार्लियाक नावाच्या फ्रेंच बागाइताने अमेरिकन जातींशी तिचा संकर करून गुलाबी, पिवळी, तांबडी फुले मिळवली आणि १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली. १८९४ पासून मोनेने त्याच्याकडूनच रोपे मागवली.

पुढे एक माळी नावेतून फिरून वाळकी पाने काढी व पानांवरची धूळ धुई. धुळीच्या त्रासाने मोनेने जवळच्या रस्त्यावर पदरमोड करून डांबर घालवले! १९०९ मध्ये या तळ्याची ४८ चित्रे पॅरिसमध्ये मांडली गेली. तत्पूर्वी मनासारखी न उतरलेली कित्येक चित्रे त्याने स्वतःच्या हाताने नष्ट केली होती.

मग संकटांची रांग लागली. १९११ मध्ये दुसरी पत्नी आलीस गेली, १९१२ मध्ये मोतीबिंदूचे निदान झाले, १९१४ मध्ये थोरला मुलगा जाँ गेला आणि महायुद्ध पेटले. ज्याला रंगच नीट दिसेनात, त्या चित्रकाराने काय करावे? मोनेने मोठी चित्रशाळा बांधली आणि दोन-दोन मीटर उंचीचे पट घेऊन त्याच तळ्यासमोर उभा राहिला. १९१८ च्या युद्धविरामाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने आपले पंतप्रधान मित्र क्लेमांसो यांना कळवून चित्रे राष्ट्राला देऊ केली. १९२३ मध्ये डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. ५ डिसेंबर १९२६ रोजी तो वारला. हयातीत त्याने ते पट हातचे सोडले नाहीत; १९२७ मध्ये पॅरिसच्या ओरांझरीत दोन लंबवर्तुळाकार दालनांत ते लागले.

प्रतिभा ही क्षणात चमकून जाणारी वीज, असे आपण साहित्याचे विद्यार्थी सहज म्हणून टाकतो. मोनेच्या बाबतीत मला तसे म्हणवत नाही. त्याची प्रतिभा चिखलात रुजली होती. प्रत्येक हिवाळ्यानंतर ती पुन्हा फुटली, आणि दृष्टी मंदावल्यावरही फुलली.