संत इग्नेशियस लोयोला : रुग्णशय्येवर गवसलेला वाचनाचा आनंद

दर वर्षी ३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करते. येशूसंघाचे संस्थापक आणि आध्यात्मिक साधनेचे थोर मार्गदर्शक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. परंतु त्यांच्या जीवनाला कलाटणी मिळाली ती अंथरुणाला खिळलेले असताना, केवळ वेळ जावा म्हणून हाती घेतलेल्या दोन पुस्तकांमुळे. त्या वेळी त्यांनी वयाची तिशी गाठली होती.

स्पेनच्या बास्क प्रांतात, अस्पेतिया गावाजवळच्या लोयोला गढीत १४९१ साली त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव इनिगो. सरदार घराण्यातील तेरा भावंडांत ते सर्वांत धाकटे होते, असे मानले जाते. किशोरवयात त्यांना अरेवालो येथे राज्याचे खजिनदार हुआन वेलास्केस दे क्वेयार यांच्या घरी पाठविण्यात आले. तेथे ते दरबारी रीतीभाती, शस्त्रविद्या आणि सुंदर हस्ताक्षर शिकले. वाचनाची गोडीही त्यांना होती. मात्र ती शूर सरदारांच्या अद्भुत कथांची. ‘अमादिस दे गाउला’सारख्या कादंबऱ्यांनी त्यांचे मन भारून गेले होते. पराक्रम गाजवावा, एखाद्या थोर कुळातील स्त्रीची मर्जी संपादन करावी आणि नाव कमवावे, एवढेच त्यांचे स्वप्न होते.

१५१७ साली आश्रयदाते वेलास्केस निधन पावले आणि इनिगो नाहेराच्या ड्यूकच्या पदरी रुजू झाले. २० मे १५२१ रोजी फ्रेंच सैन्याने पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर हल्ला चढविला. शत्रूचे बळ कितीतरी अधिक असतानाही इनिगो यांनी किल्लेदाराला शरणागतीपासून परावृत्त केले होते. लढाईत तोफगोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला, डाव्यालाही जखम झाली आणि किल्ला पडला. फ्रेंचांनी शत्रू असूनही त्यांच्यावर उपचार केले व त्यांना माघारी घरी पाठविले.

घरी आल्यावर वैद्यांनी चुकीचे जुळलेले हाड पुन्हा मोडून बसविले. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात त्यांनी मुठी आवळून हे सारे सोसले. प्रकृती इतकी ढासळली की, त्यांना अंतिम संस्कार देण्यात आले. संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या सुमारास मात्र त्यांना उतार पडू लागला. तरीही गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिलाच होता. त्यामुळे तंग, उंच बूट शोभून दिसणार नाहीत म्हणून त्यांनी ते हाड करवतीने कापून घेतले. देहाच्या डौलासाठी एवढ्या यातना पत्करणारा हा मनुष्य पुढे फाटक्या वस्त्रांत, लंगडत युरोपभर हिंडणार होता, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

महिनोन्महिने पडून राहावे लागल्यामुळे त्यांनी आवडीच्या शौर्यकथा मागितल्या. घराची व्यवस्था वहिनी माग्दालेना दे आराओस पाहत होत्या. गढीत तशी एकही कादंबरी नव्हती. मिळाली ती दोनच पुस्तके : कार्थुसियन व्रतस्थ लुडोल्फ यांचे ख्रिस्तचरित्र आणि याकोबुस दे वोराजिने यांनी १३व्या शतकात संकलित केलेल्या संतचरित्रांचे स्पॅनिश रूपांतर. दुसरे काहीच नसल्यामुळे त्यांनी ती चाळायला घेतली. हळूहळू मन त्यांत रमू लागले.

थोडे वाचावे, पुस्तक बाजूला ठेवावे आणि विचार करीत पडावे, असा त्यांचा क्रम असे. कधी त्या थोर स्त्रीविषयीच्या कल्पनांत तीन-तीन, चार-चार तास निघून जात. कधी वाटे, संत फ्रान्सिस आणि संत दोमिनिक यांनी जे केले ते आपणही का करू नये? दोन्ही प्रकारचे विचार मनात असेपर्यंत सुखदच वाटत. परंतु एके दिवशी त्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली. पराक्रमाची स्वप्ने ओसरली की मन कोरडे व असमाधानी होई. संतांच्या जीवनाचे चिंतन संपले तरी प्रसन्नता मागे उरे. पुस्तक मिटल्यावर मनात काय उरते, हे निरखण्याची दृष्टी त्यांना येथे लाभली. पुढे त्यांनी शिकविलेल्या आत्मपरीक्षणाचा पाया हाच.

प्रकृती सुधारताच ते आवडलेले उतारे उतरवून घेऊ लागले. दरबारात कमावलेले सुंदर अक्षर आता कामी आले. प्रभू येशूचे शब्द लाल शाईने आणि पवित्र मरियेचे शब्द निळ्या शाईने लिहीत त्यांनी सुमारे तीनशे पाने भरली.

१५२२ साली त्यांनी घर सोडले. मोन्सेरात येथील पवित्र मरियेच्या वेदीपुढे रात्रभर जागरण करून त्यांनी आपली तलवार अर्पण केली. त्यानंतर मान्रेसा गावी प्रार्थना व तपश्चर्येत काही महिने घालविताना ‘ख्रिस्तानुकरण’ हा ग्रंथ त्यांच्या हाती आला आणि तो त्यांना आयुष्यभर प्रिय राहिला. येरुशलेमची यात्रा आटोपून ते परतले तेव्हा त्यांना उमगले की, लोकांच्या आत्मिक कल्याणासाठी झटायचे तर विद्या हवी. आणि विद्येसाठी लॅटिन भाषा हवी.

१५२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते बार्सेलोना येथे शाळकरी मुलांसोबत व्याकरण शिकण्यास बसले. येथे एक वेगळीच अडचण उभी राहिली. क्रियापदांची रूपे पाठ करू लागताच मनात भक्तीच्या गोड विचारांची गर्दी होई आणि धडा बाजूला राही. प्रार्थनेच्या वेळी मात्र हे विचार इतक्या वेगाने येत नसत. रुग्णशय्येवर शिकलेली पारख येथे उपयोगी पडली. जो आनंद समोरच्या कर्तव्यापासून दूर नेतो, तो कितीही पवित्र भासला तरी मोहच आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी आपले गुरुजी आर्देवोल यांना सांता मारिया देल मार या मंदिरात नेले आणि वचन दिले की, बार्सेलोनात भाकर व पाणी मिळते आहे तोवर दोन वर्षे आपण एकही पाठ चुकविणार नाही. त्यानंतर तो त्रास थांबला.

पुढे आल्काला येथे घाईघाईने अनेक विषय एकदम हाताळल्यामुळे त्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही. म्हणून १५२८ साली पॅरिसला पोहोचल्यावर त्यांनी कमीपणा न मानता पुन्हा लहान मुलांच्या वर्गात बसून पायापासून सुरुवात केली. तेथेच सेंट बार्ब महाविद्यालयात पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे त्यांचे खोलीतील सोबती झाले. १५४० साली पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली. आपल्या साधनेच्या ग्रंथात इग्नेशियस यांनी सांगून ठेवले आहे की, पुष्कळ माहिती गोळा केल्याने आत्मा तृप्त होत नाही. थोडकेच, पण अंतःकरणाने चाखल्याने होतो. त्यांच्या हयातीतच १५४८ साली मेसिना येथे आणि १५५१ साली रोममध्ये येशूसंघाची विनाशुल्क विद्यालये सुरू झाली.

३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये त्यांनी देह ठेवला. योगायोग असा की, त्याच वर्षी भारतातील पहिला छापखाना गोव्यात येशूसंघाच्या सेंट पॉल महाविद्यालयात उभा राहिला. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातच राशोल येथे छापले गेले. पुस्तकांनी घडविलेल्या या संताच्या परिवाराने आपल्या भाषेलाही असे ग्रंथधन दिले.

शाळा सुटली की आपल्यापैकी अनेकांचे वाचनही सुटते. संसार आणि नोकरीच्या धावपळीत आता ते जमणार नाही, असे आपण मानून चालतो. तिशीत रुग्णशय्येवर आणि पस्तिशीनंतर पुन्हा वर्गाच्या बाकावर बसून वाचायला शिकलेले संत इग्नेशियस आपल्याला धीर देतात. यंदा त्यांच्या सणाच्या दिवशी घरातील एखादे विसरलेले पुस्तक उघडावे, दोनच पाने सावकाश वाचावीत, ते मिटावे आणि मनात काय उरले ते शांतपणे पाहावे.