माणसे पारखणारा कारखानदार

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेळगावच्या एका लहानशा कारखान्यात तयार झालेले लोखंडी नांगर गिऱ्हाइकाविना पडून होते. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिला हसणे सोपे आहे. परंतु ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून असते, त्याने अनोळखी अवजाराकडे संशयाने पाहावे यात नवल नाही. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. तोपर्यंत कारखाना तगला तो कडबा कापण्याच्या यंत्रांवर, आणि मालकाच्या चिकाटीवर.

हे मालक म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकार होण्यासाठी त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पण काही रंग आपल्याला ओळखता येत नाहीत, हे ध्यानी आल्यावर कुंचला खाली ठेवावा लागला. यांत्रिक आरेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. त्याच काळात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकानही सुरू झाले. संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा मात्र ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

जन्मावरून डावलले जाण्याचा हा अनुभव त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्लीच मानावा लागेल. कारण सहकारी निवडताना त्यांनी जात, पदवी किंवा पूर्वायुष्य यांना फारशी किंमत दिली नाही. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. शंभोअण्णा जांभेकरांकडे यंत्रांची बाजू होती, मंगेशराव रेगे हिशेब पाहत, तर वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांच्या हाती होती. राखणदार म्हणून तर त्यांनी चक्क शिक्षा भोगून आलेल्या माणसांना नेमले. अनेकांना हा वेडेपणा वाटला असेल, पण लक्ष्मणरावांनी विश्वास टाकला आणि त्या माणसांनी तो सार्थ ठरवला.

या माणसांची खरी कसोटी १९१० मध्ये लागली. शहराच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. यंत्रे कोठे हलवायची आणि कामगारांच्या कुटुंबांनी काय करायचे, असा प्रश्न उभा राहिला. एका मंदिराच्या सभामंडपाच्या कामामुळे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांना जवळून ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जागा देऊ केली आणि १० हजार रुपयांचे कर्जही दिले. जागा होती ३२ एकर. पण निवडुंगाचे रान, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची वानवा. तरीही सुमारे २५ कामगार कुटुंबांसह त्या माळावर आले. यात लक्ष्मणरावांच्या नेतृत्वाची जेवढी कसोटी होती, तेवढीच त्या २५ घरांच्या धाडसाचीही होती. इतिहासात याची दखल क्वचित घेतली जाते.

त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा द्यायचा नाही, हा दंडक त्यांनी सुरुवातीपासून पाळला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून मिळालेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर घडविण्यात आले. पुढे उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप अशी उत्पादने वाढत गेली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. त्यातूनच 'किर्लोस्कर' मासिक पुढे आले. पुत्र शंतनुराव अमेरिकेतून अभियांत्रिकी शिकून परतल्यावर उद्योगाची धुरा हळूहळू त्यांच्याकडे गेली. कर्तृत्व पाहून माणसे निवडणाऱ्या या घराण्यातही सर्वोच्च सूत्रे घरातच राहिली, हेही नमूद करायला हवे.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. जातीपातीचा विचार न करता उभारलेल्या वसाहतीवर मालकांच्या जातीमुळे हे संकट यावे, हा दैवदुर्विलासच. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा एके काळी गिऱ्हाईक न मिळालेला लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या शिवारात नेहमीचा झाला होता.