मायकेल कॉलिन्स : एका क्रांतिकारकाची खातेवही

लोकमान्यांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. 'होमरूल' हा शब्द आयर्लंडचा. पण त्याच महिन्यात खुद्द आयर्लंडात होमरूलची वाट पाहून कंटाळलेल्या तरुणांनी डब्लिनचे मुख्य पोस्ट ऑफिस ताब्यात घेतले आणि प्रजासत्ताक जाहीर केले. सहा दिवसांत ते बंड चिरडले गेले. पकडलेल्यांत पंचवीस वर्षांचा एक कारकून होता, मायकेल कॉलिन्स.

कॉलिन्सच्या गनिमी काव्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी पडलो कॉमर्सचा विद्यार्थी. मला त्याची खातेवही अधिक ओढ लावते.

कॉर्क परगण्यातील एका शेतकऱ्याच्या घरी १८९० साली तो जन्मला. पंधराव्या वर्षी लंडनला पोस्टाच्या बचत बँकेत चिकटला, पुढे शेअर दलालाच्या पेढीत गेला. साम्राज्याचा पैसा कसा फिरतो, हे तो साम्राज्याच्याच पगारावर शिकला!

१९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ जागा सिन फेन पक्षाने जिंकल्या. निवडून आलेले लंडनच्या पार्लमेंटात गेले नाहीत. २१ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी डब्लिनमध्येच 'डॉल' नावाची आपली सभा भरवली आणि स्वातंत्र्य घोषित केले. घोषणा झाली, पण दुसऱ्या दिवसापासून काय? तिजोरी इंग्रजांची, पोलीस इंग्रजांचे, न्यायाधीशही त्यांचेच. अशा वेळी एप्रिलमध्ये कॉलिन्स अर्थमंत्री झाला.

त्याने अडीच लाख पौंडांचे राष्ट्रीय कर्ज काढले, दसादशे पाच दराने. ज्या राष्ट्राला कोणी मान्यता दिलेली नाही, त्याचे रोखे! जाहिरात छापणारी वर्तमानपत्रे सरकारने बंद पाडली. तेव्हा कॉलिन्सने स्वतः टेबलाशी बसून रोखे देत असल्याची छोटी फिल्म काढून घेतली. १९२० च्या मध्यापर्यंत पौणेचार लाखांच्या आसपास रक्कम जमली. डी व्हॅलेरा यांनी अमेरिकेतून पन्नास लाखांहून अधिक डॉलर उभे केले. डोक्यावर पकडवॉरंट असतानाही कॉलिन्स पैशापैशाच्या पावतीचा आग्रह धरी. पंचवीस हजार पौंडांचे सोने तर एका मित्राच्या घरात जमिनीखाली पुरले होते.

सरकारने हा पैसा हुडकण्यासाठी ॲलन बेल नावाच्या मॅजिस्ट्रेटला बँकांची खाती तपासायला बसवले. २६ मार्च १९२० च्या सकाळी कॉलिन्सच्या माणसांनी त्याला ट्राममधून खाली ओढून भररस्त्यात गोळ्या घातल्या. साठी उलटलेला माणूस, हाती खातेवह्या! कर्जाची रक्कम वाचली हे खरे, पण हा खर्चही त्याच हिशेबात मांडला पाहिजे, असे माझे मत आहे.

त्याच काळात डॉलची स्वतंत्र न्यायालये खेडोपाडी भरू लागली, आणि अनेक स्थानिक संस्थांनी इंग्रज खात्याशी संबंध तोडून डॉलला हिशेब पाठवायला सुरुवात केली. राज्य जाण्याआधीच त्याचे काम हळूहळू दुसऱ्याकडे जात होते.

डिसेंबर १९२१ च्या तहात उत्तरेचे सहा परगणे अलग राहिले आणि राजनिष्ठेची शपथही गळ्यात आली. कॉलिन्सने सही केली. डॉलमध्ये तह ६४ विरुद्ध ५७ मतांनी टिकला. १६ जानेवारी १९२२ रोजी इंग्रजी सत्तेचे केंद्र असलेला डब्लिनचा किल्ला त्याच्या हाती आला. मग सुरू झाला संसार! इंग्रज राजाच्या तिकिटांवरच नव्या सरकारचे नाव छापले, लाल टपालपेट्यांना हिरवा रंग फासला. कारकून बहुतेक जुनेच राहिले. स्वतःचे चलन यायला तर १९२८ साल उजाडले.

मतभेद मात्र रंगाने झाकण्यासारखे नव्हते. जूनमध्ये त्याच्या सैन्याने इंग्रजांकडून आणलेल्या तोफा जुन्या सहकाऱ्यांवर डागल्या. २२ ऑगस्ट १९२२ रोजी, आपल्याच कॉर्क परगण्यात, दबा धरून बसलेल्या तहविरोधकांच्या गोळीने तो पडला. वय एकतीस.

रोखेधारकांचे पैसे पुढे नव्या सरकारने व्याजासह परत केले.