वसईचा दुभाषी : संत गोन्सालो गार्सिया



आपल्या महालातून समुद्र फार दूर आहे. नाग नदी आणि गांधीसागर तलाव, एवढेच आपले पाणी. त्यामुळे शास्त्रवाचनात तारू, वादळ, नांगर, किनारा हे शब्द आले की ते आपल्याला परक्या मुलखातले वाटतात. पण आपली श्रद्धा आपल्यापर्यंत पोहोचली ती समुद्रावरूनच. नागपूर भागात सेवा केलेले संत फ्रान्सिस द सेल्स संघाचे पहिले मिशनरी १८४५ साली युरोपातील सावॉय प्रांतातून निघाले, ते जहाजानेच. आणि त्यांच्याही अडीचशेहून अधिक वर्षे आधी आपल्याच महाराष्ट्रातला एक मुलगा जहाजात बसून पूर्वेच्या बेटांकडे गेला. आज त्याची ओळख करून घेऊ या. तो म्हणजे वसईचे संत गोन्सालो गार्सिया.

पुष्कळांचा असा समज असतो की भारताला पहिले संतपद २००८ साली संत अल्फोन्सा यांच्या रूपाने मिळाले. संत अल्फोन्सा या पहिल्या भारतीय स्त्री संत, हे खरे. परंतु भारतात जन्मून संतपदाला पोहोचलेली पहिली व्यक्ती म्हणजे गोन्सालो गार्सिया. त्यांना संत म्हणून घोषित करण्यात आले ते १८६२ साली.

गोन्सालो यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसई येथे झाला. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज आणि आई वसईचीच. अशा मुलाची स्थिती कशी असते हे सांगायला नको. राज्यकर्त्यांच्या लेखी तो पुरता पोर्तुगीज नाही आणि गावच्या लेखी तो पुरता गावचा नाही. दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर उभे राहायचे आणि दोन्हीकडचे ऐकायचे. आम्हांला वाटते, गोन्सालो यांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली या उंबऱ्यातच आहे.

वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांचे चर्च व शाळा होती. तेथे हा मुलगा शिकला. फादर सेबास्तियाँव गोन्साल्विस या येशूसंघीय धर्मगुरूंनी त्याला घडवले. पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १५७२ साली, तो येशूसंघीयांबरोबर जपानला निघाला.

त्या काळचा हा प्रवास म्हणजे आजच्यासारखे तिकीट काढून बसणे नव्हे. गोव्याहून निघालेले जहाज मलाक्काला जाई, तेथून चीनच्या किनाऱ्यावरील मकावला. मकावला योग्य वाऱ्याची वाट पाहत महिनेच्या महिने थांबावे लागे. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की मग जहाज जपानच्या क्युशू बेटाकडे निघे. वाटेत चक्रीवादळे, चाचे, रोगराई. जपान हा बेटांचाच देश. होन्शू, क्युशू, शिकोकू आणि होक्काइदो ही चार मोठी बेटे आणि त्यांच्याभोवती विखुरलेली हजारो लहान बेटे. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचे म्हणजे पुन्हा नाव.

जपानमध्ये गोन्सालो यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली. ज्यांनी कधी परकी भाषा शिकली आहे त्यांना ठाऊक आहे की शब्द पाठ करून भाषा येत नाही. लोकांच्या घरी बसावे लागते, त्यांचे हसणे-रडणे समजून घ्यावे लागते, स्वतःचा शहाणपणा बाजूला ठेवावा लागतो. गोन्सालो यांनी ते केले. लोकांना ते आपले वाटू लागले.

त्यांची मनापासूनची इच्छा एकच होती. येशूसंघात दाखल व्हावे. त्यांनी तशी विनंती केली, पण ती मान्य झाली नाही. आठ वर्षे ज्यांच्या खांद्याला खांदा लावून राबले, त्यांनीच आत घेतले नाही. हा घाव लहान नव्हता. अशा वेळी माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. देवावर रुसतो, नाहीतर माणसांवर. गोन्सालो यांनी येशूसंघीयांचे काम सोडले आणि व्यापार सुरू केला. व्यापारात त्यांना चांगले यश आले. त्यांच्या नावा बेटाबेटांतून फिरू लागल्या. भाषा येत होती, लोक ओळखत होते, माणूस विश्वासाचा होता. सुखाने आयुष्य काढावे एवढे सारे हाती आले होते.

व्यापाराच्या निमित्तानेच ते फिलिपीन्स बेटांवरील मनिला येथे पोहोचले. तेथे त्यांचा फ्रान्सिस्कन धर्मबंधूंशी संबंध आला. संत फ्रान्सिस असिसीकर हे स्वतः कापडाच्या व्यापाऱ्याचे पुत्र. त्यांनी सर्व सोडून दारिद्र्य पत्करले होते. गोन्सालो यांनीही तसेच केले. व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि १५८८ च्या सुमारास त्यांनी व्रते घेतली. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून. जे दार वर्षानुवर्षे ठोठावले ते उघडले नाही, आणि जेथे ते माल विकायला गेले होते तेथे दार उघडे मिळाले.

आता इतिहासाचे एक पान. त्या वेळी जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी यांच्या हाती होती. १५८७ साली त्यांनी मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण तो कडकपणे अमलात आला नव्हता. १५९२ मध्ये त्यांनी कोरियावर स्वारी केली आणि फिलिपीन्सच्या स्पॅनिश सत्तेलाही आपल्यापुढे वाकण्याचा निरोप धाडला. मनिलाच्या गव्हर्नरांनी १५९३ साली बोलणी करण्यासाठी एक शिष्टमंडळ पाठवले. त्याचे प्रमुख होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता. राजासमोर बोलायचे, पण जपानी कोणाला येते? ब्रदर गोन्सालो यांना. वसईचा मुलगा अशा रीतीने दोन सत्तांचा दुभाषी झाला.

दुभाष्याचे काम अवघड असते. दोघांच्या रागाचा पहिला फटका त्यालाच बसतो. स्वतःचे काही घालायचे नाही, दुसऱ्याचे काही गाळायचे नाही आणि तरीही दोघांची मने जोडायची. हिदेयोशी यांच्याशी भेट झाली. भेटीचा शेवट चांगला झाला आणि फ्रान्सिस्कनांना जपानमध्ये राहण्याची मुभा मिळाली. क्योतो या राजधानीत त्यांना जागा देण्यात आली. तेथे चर्च उभे राहिले आणि त्याला लागून रुग्णालयही. त्यात कुष्ठरोग्यांची सेवा होत असे. ज्यांना समाजाने दूर लोटले होते त्यांच्या जखमा हे बंधू स्वतःच्या हातांनी धूत. दरबारात राजाची भाषा बोलणारे गोन्सालो या रोग्यांशीही त्यांच्याच भाषेत बोलत. आमच्या मते हे दुसरे दुभाषीपण पहिल्यापेक्षा मोठे होते.

आणि मग एक जहाज फुटले.

इथे क्षणभर थांबून दुसऱ्या एका फुटलेल्या जहाजाची आठवण करू या. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटच्या दोन अध्यायांत संत पौलाचा प्रवास वाचायला मिळतो. बंदिवान पौलाला शताधिपती युल्य याच्या पहाऱ्यात रोमला नेले जात होते. जहाजात २७६ माणसे होती. भूमध्य समुद्रात वादळाने त्यांना चौदा दिवस झोडपले आणि अखेरीस जहाज वाळूत रुतून फुटले. माणसे पोहत, फळ्यांना धरून काठाला लागली. ते होते माल्टा. माल्टा, गोझो आणि कोमिनो अशा बेटांचा तो समूह आहे. त्या बेटावरच्या लोकांना पौल कोण हे ठाऊक नव्हते. पाऊस पडत होता, थंडी होती, म्हणून त्यांनी शेकोटी पेटवली आणि सगळ्यांना जवळ घेतले. पुब्लियने त्यांना तीन दिवस आपल्या घरी ठेवले. पौलाने त्याच्या आजारी वडिलांवर हात ठेवून त्यांना बरे केले. तीन महिने पाहुणचार झाला आणि निघताना लोकांनी वाटेची शिदोरीही दिली. म्हणूनच माल्टातील लोक आजही आपल्या श्रद्धेचा उगम त्या फुटलेल्या जहाजात पाहतात.

जपानच्या किनाऱ्यावर मात्र उलटे घडले. सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज १५९६ च्या जुलैत मनिलाहून मेक्सिकोकडे निघाले होते. जहाज मौल्यवान मालाने भरलेले होते. चक्रीवादळांनी त्याची दुर्दशा केली आणि ऑक्टोबरमध्ये ते शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. तेथे वाळूच्या दांड्यावर आदळून ते फुटले. तेथील लोकांनी शेकोटी पेटवली नाही. सारा माल जप्त करण्यात आला. जहाजाच्या सुकाणूने स्पेनच्या साम्राज्याची बढाई मारताना, आधी मिशनरी जातात आणि मागून सैन्य येते, अशा अर्थाचे काही सांगितले, अशी हकीगत प्रसिद्ध आहे. ती खरी की जप्तीला कारण म्हणून पुढे केलेली, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. परिणाम मात्र स्पष्ट आहे. हिदेयोशी संतापले आणि डिसेंबर १५९६ मध्ये फ्रान्सिस्कनांना अटक झाली.

पकडलेल्यांत ब्रदर गोन्सालो होते. मेक्सिकोचे ब्रदर फेलिपे होते. ते त्या फुटलेल्या जहाजाचेच प्रवासी, गुरुदीक्षेसाठी मायदेशी निघालेले. येशूसंघीय पाउल मिकी होते. स्वयंपाक करणारे, सुतारकाम करणारे, धर्मशिक्षण देणारे साधे जपानी प्रापंचिक होते. बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. ज्या येशूसंघाने गोन्सालो यांना आत घेतले नव्हते, त्याचेच तीन सभासद आता त्यांच्या शेजारी दोरीने बांधलेले होते. दोन संघांत जपानच्या कार्यावरून वाद होते, हे खरे. पण क्रुसाच्या वाटेवर कोणी कोणाचा झगा पाहिला नाही.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि त्यांची धिंड काढण्यात आली. मग भर थंडीत नागासाकीकडे महिनाभराची वाट सुरू झाली. निघाले तेव्हा २४ जण होते. वाटेत त्यांची सेवा करायला आलेले दोघे ख्रिस्ती बांधवही पकडले गेले आणि संख्या २६ झाली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्या सर्वांना क्रुसांना बांधून भाल्यांनी ठार मारण्यात आले. त्या २६ जणांत २० जपानी होते. वसईचा दुभाषी त्या वेळी सुमारे चाळीस वर्षांचा होता.

१६२७ साली पोप आठवे अर्बन यांच्या काळात या हुतात्म्यांना धन्य म्हणून गौरवण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. पुढे नागासाकीतील ओउरा येथे या २६ हुतात्म्यांच्या नावाने चर्च उभे राहिले. मार्च १८६५ मध्ये त्या चर्चमध्ये काही जपानी माणसे हळूच आली आणि त्यांनी धर्मगुरूंना सांगितले की आमची श्रद्धाही तुमचीच आहे. अडीचशे वर्षे धर्मगुरूंविना, छळ सोसत, घरातल्या घरात त्यांनी बाप्तिस्मा आणि प्रार्थना जपल्या होत्या.

बंधुभगिनींनो, सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक प्रश्न नेहमी येई. जहाज वाळूत रुतते तो योगायोग की देवाची योजना? संत थॉमस अक्विनास शिकवतात की देवाच्या योजनेत योगायोगालाही जागा आहे. एक गोष्ट दुसरीला पुसून टाकत नाही. वारा वाऱ्यासारखा वाहतो. पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाने शेकोटी पेटवायची की माल जप्त करायचा, हे त्याच्या हाती असते. माल्टा आणि शिकोकू यांत फरक समुद्राचा नव्हता, माणसांचा होता.

आणि फुटलेली जहाजे आपल्या महालातही येतात. मेयो रुग्णालयात दूरच्या खेड्यातून आलेली बाई डॉक्टरांची भाषा न कळल्याने कागद हातात घेऊन उभी असते. छत्तीसगडहून कामाला आलेले कुटुंब आपल्या गल्लीत भाड्याने राहते आणि महिनोन्‌महिने त्यांचे नाव कोणी विचारत नाही. आपल्याच धर्मग्रामात मराठी, हिंदी, तेलुगू, मलयाळम बोलणारी घरे आहेत. मिस्सा संपल्यावर जो तो आपापल्या भाषेच्या घोळक्यात उभा राहतो. तेथे एखाद्या दुभाष्याची गरज आहे. त्याला दहा भाषा यायला हव्यात असे नाही. एका घोळक्यातून निघून दुसऱ्यात जाण्याइतके धैर्य पुरे.

ज्यांना कुठेतरी नाकारले गेले आहे, ज्यांचा अर्ज परत आला आहे, ज्यांना आपण ना इकडचे ना तिकडचे असे वाटते, त्यांनी या वसईच्या संताकडे आवर्जून पाहावे. उंबऱ्यावर उभा असलेला माणूस दोन्ही खोल्यांतले ऐकू शकतो. देवाने त्याचाच उपयोग करून घेतला.

संत पाउल मिकी आणि त्यांचे सोबती यांचा स्मरणदिन ख्रिस्तसभा ६ फेब्रुवारीला पाळते. त्या सोबत्यांत आपला गोन्सालो आहे, हे मुलांना जरूर सांगावे. त्या दिवशीच्या मिस्सेला येताना प्रत्येक कुटुंबाने शेजारच्या एका नव्या घराशी ओळख करून यावे, एवढी विनंती.

आपला,
धर्मगुरू