सुंदरलाल होरा : डोंगरी ओढ्यांतील माशांचे अभ्यासक

ज्येष्ठ मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांचा जन्म २२ मे १८९६ रोजी पंजाबातील हाफिजाबाद येथे झाला. १९१९ मध्ये ते भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत रुजू झाले आणि १९४७ मध्ये तिचे संचालक झाले.

मणिपूर आणि खासी टेकड्यांतील ओढ्यांत त्यांनी मासे गोळा केले. वेगवान प्रवाहात खडकाला धरून राहण्यासाठी माशांची शरीररचना कशी बदलते, हे त्यांनी दाखवून दिले. पूर्व हिमालय आणि सह्याद्री एकमेकांपासून इतके दूर असताना तेथील काही मासे सारखे कसे, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. सातपुड्याच्या एकेकाळच्या सलग डोंगररांगेतून हे मासे दक्षिणेकडे पसरले, असा 'सातपुडा सिद्धांत' त्यांनी मांडला. ८ डिसेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

हे साम्य रक्ताच्या नात्याचे की सारख्या प्रवाहाने घडवलेले, याचा शोध आता जनुकीय अभ्यासातून घेतला जातो. त्यासाठी माशांच्या परांचे बारीक तुकडे अल्कोहोलमध्ये जतन केले जातात. मात्र हा शोध पूर्ण होण्यासाठी ओढे वाहते आणि त्यांतील मूळ मासे जिवंत राहणे आवश्यक आहे.