वेड्यांच्या इस्पितळातून आलेले संत

८ मार्च रोजी ख्रिस्तसभा संत जॉन ऑफ गॉड यांचा सण पाळते. हा सण बहुधा उपवासकाळात येतो, शिवाय त्याच दिवशी महिला दिन असतो, म्हणून या संताकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आजारी माणसे, इस्पितळे आणि परिचारिका यांचे ते आश्रयदाते संत आहेत एवढे आपण ऐकून असतो. पण स्वतः जॉन एकेकाळी वेड्यांच्या वॉर्डात हातपाय बांधून ठेवलेले रुग्ण होते, ही गोष्ट प्रवचनात क्वचितच येते.

त्यांचा जन्म १४९५ साली पोर्तुगालमधील मोंतेमोर-ओ-नोव्हो या गावी झाला. आठव्या वर्षीच घर सुटले आणि ते स्पेनमधील ओरोपेसा येथे वाढले. मेंढरे राखली, दोनदा सैन्यात गेले. एकदा राखणीला दिलेली लूट चोरीस गेली म्हणून फाशीची वेळ आली होती, त्यातून कसेबसे वाचले. पुष्कळ वर्षांनी आईवडिलांना भेटायला गावी गेले, तेव्हा दोघेही देवाघरी गेलेले. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सेउता येथे मजुरी केली, मग गावोगाव पुस्तके व संतांची चित्रे विकत ग्रानादा शहरात आले आणि तेथे त्यांनी छोटे दुकान थाटले. वय चाळिशीच्या पुढे, मागे ना घर ना माणूस.

१५३० च्या दशकाच्या अखेरीस, २० जानेवारीला, संत सेबॅस्टियनच्या सणाच्या दिवशी, आविलाचे जॉन या धर्मगुरूंचे प्रवचन त्यांनी ऐकले आणि त्यांचा तोल गेला. स्वतःच्या पापांबद्दल ते मोठमोठ्याने आक्रोश करू लागले. त्यांनी दुकानातील पुस्तके फाडली, उरलेली वाटून टाकली, अंगावरचे कपडे देऊन टाकले. रस्त्यात पोरे दगड मारीत मागे धावत. शेवटी काही भल्या माणसांनी त्यांना ग्रानादाच्या राजेशाही इस्पितळात नेले. त्या काळी वेड उतरवण्याचा एकच उपाय होता : बांधून ठेवायचे आणि चाबकाने फोडून काढायचे. जॉन यांच्या वाट्यालाही तो आला.

काही चरित्रकार म्हणतात की, लोकांकडून अपमान व्हावा म्हणून त्यांनी वेडाचे सोंग घेतले होते. आम्हाला मात्र वाटते, संताला असला आजार होऊच शकत नाही या आपल्या समजुतीला हे स्पष्टीकरण सोयीचे आहे. आपल्या धर्मग्रामातही दुसरे काय घडते? मुलगा रात्र रात्र झोपत नाही, एकटाच बडबडतो, तर आधी आपण खिडकी लावून घेतो. मग नजर लागल्याचा संशय, मग नवस, आणि डॉक्टर सर्वांत शेवटी. बरे वाटले की शेजाऱ्यांना कळू नये म्हणून गोळ्याही बंद. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर मोठ्या भावाचे नावच घेत नाहीत. मधुमेहाच्या गोळ्या मात्र आपण जेवणाच्या टेबलावर ठेवतो.

जॉन हळूहळू शांत झाले तेव्हा त्यांना मोकळे सोडण्यात आले. ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी वॉर्ड झाडला, भांडी घासली, इतर रुग्णांची सेवा सुरू केली. हाताला काम मिळाले की मन सावरायला मदत होते, असे आज पुनर्वसनाचे काम करणारे सांगतात. शेजारच्या रुग्णांना फटके बसताना पाहून त्यांनी तिथेच ठरवले, आपले इस्पितळ काढायचे आणि तेथे गरिबांना आपल्या मनाप्रमाणे वागवायचे.

पैसा नव्हताच. डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून विकल्या. भाड्याच्या घरात रुग्ण ठेवले. रात्री पाठीवर टोपली आणि गळ्यात दोन भांडी अडकवून ते रस्त्याने हाका मारीत. दान देणारा स्वतःचेच भले करतो, असे त्यांचे सांगणे असे. एका खाटेवर एकच रुग्ण, ही त्यांची पद्धत त्या काळी नवलाची होती. पुढे दाखल असलेल्यांची संख्या शंभरावर गेली. त्यांत लंगडे, कुष्ठरोगी, मुके होते आणि वेडेही. ‘जॉन ऑफ गॉड’ हे नाव त्यांना एका बिशपांनी दिले.

त्यांचे पहिले सोबतीही पाहण्यासारखे. आंतोन मार्तिन हा भावाच्या खुनाचा सूड घ्यायला ग्रानादात आला होता. जॉन यांनी त्याचा आणि त्या वैऱ्याचा समेट घडवला आणि ते दोघेही रुग्णसेवेत रुजू झाले.

जुलै १५४९ मध्ये त्याच राजेशाही इस्पितळाला आग लागली. जिथे फटके खाल्ले होते तिथेच जॉन धावत शिरले आणि एकेका रुग्णाला उचलून बाहेर आणले. हे वाचताना आम्हाला तामिळनाडूतील एरवाडी आठवते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जागीच अडकून गेले. त्यांना सोडवायला कोणी पोहोचले नाही. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई केली आहे. तरी बांधलेली माणसे अजूनही सापडतात, आणि कधीकधी ती घरच्यांनीच बांधलेली असतात.

पुराच्या पाण्यात बुडणाऱ्या एका मुलाला वाचवायला जॉन यांनी नदीत उडी घेतली आणि आजारी पडले ते उठले नाहीत. ८ मार्च १५५० रोजी गुडघ्यांवर प्रार्थना करीत असताना त्यांनी प्राण सोडला. १६९० साली ते संत म्हणून घोषित झाले. त्यांच्या नावाचा संघ आज पन्नासहून अधिक देशांत आहे, आपल्याकडे केरळमध्येही आहे, आणि मनोरुग्णांची सेवा हे त्याचे एक मोठे काम आहे.

मरणाआधी त्यांना भेटायला आर्चबिशप आले होते. जॉन यांनी त्यांच्या हाती एक वही दिली. इस्पितळासाठी कुणाकुणाकडून उसने घेतले त्याचा हिशेब तीत होता. आर्चबिशपांनी ते सारे कर्ज स्वतःच्या अंगावर घेतले, आणि रुग्णांची जबाबदारी आंतोन मार्तिनकडे आली.