मिकी फेहेर आणि क्रमांक २९

लिस्बन शहरातील लुझ स्टेडियम हे बेन्फिका क्लबचे घर. युसेबिओ, मारिओ कोलुना यांच्यासारख्या दिग्गजांनी या क्लबला युरोपच्या शिखरावर नेऊन बसवले. त्यांच्या जर्सीचे क्रमांक मात्र पुढच्या पिढ्या वापरत राहिल्या. क्लबने कायमचा निवृत्त केला तो एकच क्रमांक, २९. तो घालणारा खेळाडू बेन्फिकाकडून जेमतेम दीड हंगाम खेळला. त्याच्या नावावर साखळीतले ३० सामने आणि ७ गोल एवढीच जमा आहे. या स्टेडियममध्ये त्याचा अर्धपुतळाही उभा आहे. त्याचे नाव मिक्लोश फेहेर. पोर्तुगाल त्याला मिकी म्हणत असे.

जगाने फेहेरला पाहिले ते त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या काही क्षणांत. पावसात भिजलेले मैदान, पंचांनी दाखवलेले पिवळे कार्ड, त्यावर त्याचे मंद हसू आणि दुसऱ्याच क्षणी कोसळलेला देह. ही चित्रफीत वारंवार दाखवली गेली आणि तीच त्याची ओळख होऊन बसली. त्या हास्यामागे साडेपाच वर्षांची प्रतीक्षा होती. परक्या देशात, मोठ्या क्लबांच्या सावलीत, आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या तरुण व्यावसायिक फुटबॉलपटूचे ते आयुष्य होते. त्याची पाळी आली असे वाटू लागले, तेव्हा खेळायला वेळच उरला नव्हता.

फेहेरचा जन्म २० जुलै १९७९ रोजी हंगेरीतील तातबान्या या कोळसा खाणींच्या गावी झाला. तो घडला मात्र पश्चिम हंगेरीतील ग्यॉर शहरात. या शहराच्या ईटीओ क्लबला स्वतःचा इतिहास होता. १९६५ मध्ये हा क्लब युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता आणि तेथे त्याला रोखणारा संघ होता बेन्फिका. हंगेरी आणि पोर्तुगालच्या फुटबॉलचे धागे त्याआधीच जुळलेले होते. हंगेरियन प्रशिक्षक बेला गुटमन यांनी १९५९ मध्ये पोर्तोला साखळीचे विजेतेपद मिळवून दिले आणि लगेच बेन्फिकाची वाट धरली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली बेन्फिकाने १९६१ व १९६२ असा सलग दोनदा युरोपियन चषक जिंकला. पोर्तोहून लिस्बनकडे जाणाऱ्या याच वाटेने चार दशकांनंतर फेहेर गेला.

फेहेर वाढला तो काळ हंगेरियन फुटबॉलच्या उतरणीचा होता. फेरेंत्स पुश्काशच्या संघाने १९५४ मध्ये विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली होती. त्या पराक्रमाच्या कथा ऐकतच ही पिढी मोठी झाली. प्रत्यक्षात १९८६ नंतर हंगेरीला विश्वचषकाचे दार उघडले नव्हते. देशांतर्गत साखळीत पैसा नव्हता आणि गुणी मुलांची नजर सीमेपलीकडे असे. उंच, मजबूत बांध्याचा, हेडरवर हुकूमत असलेला हा आघाडीचा खेळाडू सतराव्या वर्षाच्या आतच ग्यॉरच्या मुख्य संघात आला. १९९८ मध्ये, १९ वर्षांचा असताना, त्याला एफसी पोर्तोने करारबद्ध केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अझरबैजानविरुद्ध त्याने हंगेरीकडून पदार्पण केले आणि पदार्पणातच गोल नोंदवला.

पोर्तुगालची अव्वल साखळी १९३४ पासून खेळली जाते. तिचा कारभार पहिल्यापासून तीन घराण्यांच्या हाती राहिला आहे. लिस्बनचे बेन्फिका आणि स्पोर्टिंग, उत्तरेचे पोर्तो. या तिघांबाहेर विजेतेपद गेले ते केवळ दोनदा, १९४६ मध्ये बेलेनेन्सेशकडे आणि २००१ मध्ये बोआव्हिस्टाकडे. साहजिकच साखळीतील बाकीचे क्लब या तिघांना खेळाडू पुरवतात किंवा त्यांच्याकडे जागा न मिळालेल्यांना आसरा देतात. परदेशातून आलेल्या तरुणाला पोर्तोने करारबद्ध करणे हे भाग्य असते, पण पोर्तोच्या अकरांत स्थान मिळणे ही निराळी गोष्ट.

फेहेर पोर्तोला पोहोचला तेव्हा क्लबची घोडदौड सुरू होती. १९९५ पासून सलग पाच विजेतेपदे पटकावण्याचा विक्रम पोर्तोने त्याच्या पहिल्याच हंगामात पूर्ण केला. संघात त्याच्या जागेवर ब्राझीलचा मारिओ जार्देल होता. त्या हंगामात जार्देलने साखळीत ३६ गोल केले आणि पुढच्या हंगामात ३८. अशा खेळाडूला बाजूला सारून विशीतल्या नवख्या हंगेरियनला कोण खेळवणार? फेहेरच्या वाट्याला अधूनमधून काही मिनिटे येत. उरलेला वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर जाई.

पोर्तोने मग त्याला लोनवर धाडले. करार मूळ क्लबशी, घाम मात्र दुसऱ्यासाठी गाळायचा, अशी ही व्यवस्था. प्रथम तो पोर्तो शहरातीलच साल्गेरोश या छोट्या क्लबकडे गेला. २०००-०१ च्या हंगामात तो ब्रागाकडे आला आणि तेथे त्याच्या खेळाला धुमारे फुटले. दर आठवड्याला संघात जागा पक्की असली की आघाडीच्या खेळाडूचे पाय कसे बोलू लागतात, हे त्या हंगामात दिसले. साखळीत त्याने १४ गोल केले आणि ब्रागाने चौथे स्थान पटकावले. याच काळात, ऑक्टोबर २००० मध्ये, विश्वचषक पात्रता फेरीत लिथुआनियाविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक साधली. हंगेरीने तो सामना ६-१ असा जिंकला. हंगेरीला हवा असलेला आघाडीवीर गवसला, असे वाटावे असाच तो काळ होता.

एवढे झाल्यावर पोर्तोत त्याला सन्मानाने स्थान मिळेल, ही अपेक्षा वाजवी होती. घडले उलटेच. करार वाढवण्याच्या प्रश्नावरून बोलणी फिसकटली. क्लबचे सर्वेसर्वा अध्यक्ष पिंतो दा कोस्ता आणि फेहेरचा एजंट यांचे संबंध विकोपाला गेले होते. त्याची झळ खेळाडूला बसली. ब्रागात १४ गोल करणारा फेहेर २००१-०२ च्या हंगामात पोर्तोच्या दुय्यम संघात खितपत पडला. बाविसावे वर्ष हे आघाडीच्या खेळाडूच्या उमेदीचे वर्ष. ते त्याने मुख्य प्रवाहापासून दूर घालवले. करार संपण्याची वाट पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते.

२००२ च्या उन्हाळ्यात तो मोकळा झाला आणि बेन्फिकाकडे गेला. पोर्तो आणि बेन्फिका यांच्यातील वैर उत्तर आणि दक्षिण, व्यापारी शहर आणि राजधानी यांच्यातील जुन्या स्पर्धेतून आलेले आहे. एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या खेळाडूकडे संशयाने पाहिले जाते. शिवाय वेळही उलटी होती. पोर्तोची सूत्रे जोझे मोरिन्यो यांनी हाती घेतली होती आणि हा संघ २००३ मध्ये युएफा चषक व २००४ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकणार होता. बेन्फिका मात्र १९९४ नंतर साखळी विजेतेपदाला पारखे झाले होते. २००१ मध्ये तर संघ सहाव्या स्थानावर घसरला होता. इतकी वाईट कामगिरी क्लबच्या इतिहासात पूर्वी कधी झाली नव्हती. फेहेरने वैभवाच्या उंबरठ्यावरचे घर सोडून डागडुजी चाललेले घर निवडले होते.

बेन्फिकातही त्याची जागा निश्चित नव्हती. स्पॅनिश प्रशिक्षक जोझे अंतोनिओ कमाचो त्याला बऱ्याचदा उत्तरार्धात उतरवत. तरीही येथे त्याला आपुलकी मिळाली. सहकाऱ्यांत तो हसतमुख आणि मनमिळाऊ म्हणून ओळखला जाई. ऑक्टोबर २००३ मध्ये नव्या लुझ स्टेडियमचे उद्घाटन झाले. २००४ च्या युरो स्पर्धेचे यजमानपद पोर्तुगालकडे होते आणि देशभर मैदाने नवी होत होती. चोविशीतल्या फेहेरच्या खात्यावर तोवर हंगेरीकडून २५ सामने आणि ७ गोल जमा झाले होते.

रविवार, २५ जानेवारी २००४. बेन्फिकाचा सामना गिमाराइश येथे व्हितोरिया संघाशी होता. गिमाराइश हे पोर्तुगाल राष्ट्राचे जन्मस्थान मानले जाणारे शहर. मैदानाला देशाचे पहिले राजे अफोन्सो हेन्रिक यांचे नाव आहे. पाऊस कोसळत होता आणि गोलफलक कोराच होता. दुसऱ्या सत्रात कमाचोंनी फेहेरला बदली खेळाडू म्हणून उतरवले. सामना संपता संपता फर्नांडो अगियारने बेन्फिकाचा गोल केला. त्या गोलाच्या जुळणीत फेहेरचाही वाटा होता. आता आघाडी टिकवायची होती. इंज्युरी टाइममध्ये प्रतिस्पर्ध्यांचा थ्रो-इन लांबवण्याचा प्रयत्न केल्याबद्दल पंच ओलेगारिओ बेंकेरेन्सा यांनी त्याला पिवळे कार्ड दाखवले. फेहेर हसला आणि मागे वळला. मग त्याने कमरेत वाकून हात गुडघ्यांवर टेकले आणि तो पाठीवर कोसळला.

काय घडले हे सर्वांत आधी जवळच्या खेळाडूंच्या ध्यानात आले. दोन्ही संघांचे खेळाडू धावले. डॉक्टरांनी मैदानावरच त्याची छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याची शर्थ केली. काही खेळाडू गुडघे टेकून प्रार्थना करू लागले, काहींना रडू आवरेना. नुकतेच एकमेकांना शिव्याशाप देणारे प्रेक्षक त्याच्या नावाचा गजर करू लागले. देशभर हे सारे दूरचित्रवाणीवर थेट दिसत होते. रुग्णवाहिकेतून त्याला इस्पितळात नेण्यात आले. मध्यरात्रीपूर्वीच त्याच्या मृत्यूची वार्ता आली.

पुढचे दोन-तीन दिवस पोर्तुगालमध्ये क्लबांचे वैर बाजूला पडले. लुझ स्टेडियममध्ये त्याचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले. हजारो लोक रांगा लावून आले. बेन्फिकाच्या लाल मफलरींच्या ढिगात स्पोर्टिंगच्या हिरव्या आणि पोर्तोच्या निळ्या मफलरीही होत्या. अंत्यसंस्कार ग्यॉर येथे झाले आणि त्यासाठी बेन्फिकाचा संघ हंगेरीला गेला.

मृत्यूचे कारण म्हणून हृदयस्नायू प्रमाणाबाहेर जाड होण्याचा विकार आणि त्यातून ठोक्यांची लय बिघडणे हे पुढे आले. हा विकार बहुधा आनुवंशिक असतो. बाहेरून शरीर धडधाकट दिसते, लक्षणे अनेकदा नसतातच. कठोर श्रमाच्या वेळी मात्र हृदयाची विद्युतलय अचानक विस्कटते. मग प्रत्येक मिनिट मोलाचे ठरते. विजेचा झटका देऊन हृदय ताळ्यावर आणण्यास जितका उशीर, तितकी जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते.

पोर्तुगालने असा आघात पूर्वीही सोसला होता. १६ डिसेंबर १९७३ रोजी पोर्तोचा पाव्हाओ हा २६ वर्षांचा खेळाडू सेतुबलच्या व्हितोरियाविरुद्ध तेराव्या मिनिटाला कोसळला आणि मरण पावला. फेहेरच्या सात महिने आधी, जून २००३ मध्ये, कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए लियाँच्या मैदानात गेला. आणि त्याच २००४ सालच्या ५ डिसेंबरला गोव्याच्या वाट्याला हेच दुःख आले. बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्टियानो ज्युनियर याने मोहन बागानविरुद्ध दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो पडला तो उठलाच नाही. मैदानावरील अपुऱ्या वैद्यकीय सोयींवर तेव्हा देशभर टीका झाली. डेम्पोनेही त्याचा १० क्रमांक निवृत्त केला.

या मृत्यूंनी खेळाच्या कारभाऱ्यांना जागे केले. स्पर्धात्मक खेळाडूंची हृदयतपासणी इटलीने १९८२ पासूनच सक्तीची केली होती. इतरत्र तिला गती आली ती या घटनांनंतर. २००६ च्या विश्वचषकापूर्वी फिफाने सहभागी खेळाडूंच्या पूर्वतपासणीचा उपक्रम राबवला. २०१३ मध्ये सदस्य संघटनांना विद्युतझटक्याचे यंत्र असलेले आपत्कालीन संच पाठवण्यात आले. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन असाच कोसळला. त्या दिवशी उपचार तत्काळ मिळाले, यंत्र हाताशी होते आणि तो वाचला. युरो २०२४ मध्ये त्याने डेन्मार्कसाठी गोलही केला.

बेन्फिकाने फेहेरची आठवण मैदानावर जपली. त्याच्या जाण्यानंतर चार महिन्यांच्या आत, १६ मे २००४ रोजी, संघाने पोर्तुगाल चषकाच्या अंतिम सामन्यात मोरिन्यो यांच्या पोर्तोला जादा वेळेत २-१ असे हरवले. दहा दिवसांनी युरोपचा विजेता होणाऱ्या संघावर मिळवलेला हा विजय फेहेरला अर्पण करण्यात आला. त्याच्या गावी, ग्यॉरमध्ये, फुटबॉल अकादमीला त्याचे नाव देण्यात आले.

२२ मे २००५ रोजी पोर्तो शहरात बोआव्हिस्टाशी १-१ अशी बरोबरी साधून बेन्फिकाने ११ वर्षांनी साखळी विजेतेपद मिळवले. फेहेर ज्या प्रतीक्षेत सामील झाला होता, ती संपली. २९ क्रमांकाची जर्सी त्या हंगामात कोणीच घातली नव्हती. विजेत्यांच्या पदकांपैकी एक पदक क्लबने फेहेरच्या आई-वडिलांच्या हाती सुपूर्द केले.